टक्सिडो अंगावर कसा बसला पाहिजे: रोजच्या सुटाचं माप इथे का चालत नाही

लग्नसराईत जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, कुठल्याही लॉनवरच्या रिसेप्शनला जा. स्टेजवर नवरदेव टक्सिडोत, म्हणजे साटीन लावलेला काळा सूट आणि गळ्यात बो अशा संध्याकाळच्या पोशाखात उभा असतो. कापड भारी असतं, शिलाईही बरी असते. पण कोटाच्या बटणाखाली पांढऱ्या शर्टाचा त्रिकोण दिसतो, त्या त्रिकोणात पट्ट्याचं बक्कल चमकतं आणि पँटच्या बाजूची साटीनची पट्टी मांडीपाशी वाकडी झालेली असते. मग अल्बममधल्या प्रत्येक फोटोत तोच त्रिकोण.

यात दोष नवरदेवाचा नसतो आणि बहुतेक वेळा टेलरमास्तरांचाही नसतो. रोजच्या सुटाचं माप देऊन टक्सिडो शिवलेला असतो, एवढंच. दोन्ही कोट लांबून सारखे दिसतात, म्हणून मापही सारखंच असेल असं सगळे धरून चालतात. पण रोजचा सूट दिवसातला बराच वेळ उघडा असतो, लांब टाय शर्टाचा मधला भाग झाकते, पट्टा कमर सांभाळतो. टक्सिडो उभं असताना कायम बंद असतो, गळ्यात छोटा बो असतो आणि गळ्यापासून कमरेपर्यंतचा शर्ट समोरच्याला सरळ दिसतो. रोजच्या सुटात खपून जाणारी अर्ध्या इंचाची चूक इथे खपत नाही.

दुसरी चूक क्रमाची. दुकानात गेलं की आधी कोटाचं माप दिलं जातं आणि पँटचं शेवटी, घाईत. टक्सिडोचा क्रम उलटा आहे: आधी पँट, मग शर्ट, मग कमर झाकणारा तुकडा आणि सगळ्यात शेवटी कोट. पँट कमरेवर कुठे बसते त्यावर बाकीचं सगळं ठरतं.

टप्पा १: टक्सिडो लागतोय का, ते आधी ठरवा

हा संध्याकाळचा पोशाख आहे. गोरज मुहूर्ताचं लग्न उरकून रात्री रिसेप्शन असेल, तर रिसेप्शनला टक्सिडो शोभतो. दुपारी बाराच्या लग्नाला, साखरपुड्याच्या जेवणाला किंवा ऑफिसच्या कार्यक्रमाला नेव्ही किंवा गडद राखाडी सूटच बरा. पुढे सांगितलेली पँट करून घ्यायची तयारी नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: टक्सिडोचा हट्ट सोडा आणि तेवढ्याच पैशात उत्तम बसणारा गडद सूट किंवा जोधपुरी शिवा. अर्धवट टक्सिडोपेक्षा ते केव्हाही चांगलं दिसतं.

टप्पा २: तयारी

तारखेच्या निदान दीड महिना आधी कापड टेलरकडे पोचलं पाहिजे. तुळशीच्या लग्नानंतर आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये चांगल्या मास्तरांकडे कामाचा ढीग असतो. आठ दिवसांत कोट मागितलात तर कच्ची ट्रायल, म्हणजे पक्की शिलाई घालण्याआधी कोट अंगावर घालून बघणं, होत नाही, आणि कच्च्या ट्रायलशिवाय टक्सिडो शिवू नये.

कापडाबद्दल थोडक्यात. नंदुरबार-धुळ्याची मंडळी खरेदीला सुरतेला जातात, जळगावकर फुले मार्केट पालथं घालतात. दोन्हीकडे चकाकणारं पॉलिस्टर आणि टी.आर. (पॉलिस्टर-रेयॉन मिश्रणाचं) सूटिंग स्वस्तात मिळतं. टक्सिडोत चमक फक्त लॅपलवर, म्हणजे कॉलरखाली छातीवर दुमडलेल्या भागावर, आणि पँटच्या पट्टीवर हवी. मूळ कापडही चमकलं तर लॅपल उठून दिसत नाही आणि व्हिडिओवाल्याच्या लाइटखाली काळा कोट राखाडी वाटतो. हलक्या वजनाचं वूल, नाही तर वूल जास्त असलेलं टेरीवूल घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि रात्री नऊलाही लॉनवरची हवा तापलेलीच असते. त्या हंगामासाठी पाठीला अर्धंच अस्तर लावायला सांगा. मखमलीचा कोट डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवा. काळ्याऐवजी अगदी गडद निळा घेतलात तरी हरकत नाही. विजेच्या दिव्यात तो काळ्यापेक्षाही गडद दिसतो.

मापाला जाताना एका पिशवीत हे न्या:

- रिसेप्शनला घालणार तेच काळे बूट. अजून घेतले नसतील तर आधी ते घ्या.
- अंगाला बसणारा पांढरा शर्ट आणि आत घालणार ती बनियन.
- सस्पेंडर (पँट धरून ठेवणाऱ्या खांद्यावरच्या पट्ट्या) लावणार असाल तर तेही.

⚠ जीन्स आणि टी-शर्टवर माप देऊ नका. जीन्स कमरेखाली बसते, त्यामुळे मास्तरांची टेप आपोआप चुकीच्या जागी जाते. खिशातला मोबाईल, पाकीट, गाडीची किल्ली काढून ठेवा.

⚠ लग्नापर्यंत पाच किलो कमी करणार आहे, म्हणून आत्ताच कमी माप घ्या, असं मास्तरांना सांगू नका. आज आहे ते माप द्या. कपडा आत घेता येतो. बाहेर सोडायला आत तेवढं कापड ठेवलेलं असावं लागतं, तेव्हा प्रत्येक शिवणीत दाब जास्त ठेवायला आत्ताच सांगा.

टप्पा ३: पँट (इथे वेळ द्या)

रोजच्या सुटाची पँट आजकाल कमरेच्या हाडावर, कधी त्याहूनही खाली बसते आणि पट्ट्यावर टिकते. टक्सिडोची पँट नाभीच्या पातळीला बसते. पट्टा नाही, पट्ट्याचे लूपही नाहीत. ती स्वतःच्या मापावर, बाजूच्या छोट्या पट्ट्यांवर किंवा सस्पेंडरवर राहते.

एवढी वर कशाला, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. कोटाचं एकच बटण शरीराच्या सगळ्यात बारीक भागाशी, म्हणजे नाभीच्या जरा वर लागतं. त्या बटणाखाली कोटाच्या दोन्ही कडा एकमेकींपासून दूर जातात. पँट खाली बसली की त्या मोकळ्या जागेत शर्ट दिसतो. पँट वर असली की तिथे काळ्यावर काळं येतं आणि त्रिकोण नाहीसा होतो. याला दुसरा उपाय नाही. बटण खाली आणून त्रिकोण झाकायला गेलात तर कोटाचा सगळा आकार बिघडतो.

माप देताना मास्तरांना नेमकं सांगा: 'कमर नाभीवर घ्या, पुढची उंची वाढवा.' कमरेपासून दोन्ही पायांच्या जोडापर्यंतची ही उंची, तिला दुकानात 'राइज' म्हणतात. लो-वेस्ट पँटमध्ये ती नऊ इंचांच्या आसपास असते. टक्सिडोला मध्यम उंचीच्या माणसाला ११ ते १२ इंच लागते, उंच माणसाला त्याहून जास्त. कमरेचा आकडाही बदलेल, कारण नाभीवरचा घेर आणि हाडावरचा घेर वेगळा असतो. म्हणून 'माझी कमर ३४' असं तोंडी सांगून मोकळे होऊ नका.

पोट सुटलेल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ त्यांचाच होतो. वर्षानुवर्षं पँट पोटाखाली बांधायची सवय झालेली असते आणि पोटावरून पँट घ्यायला लाज वाटते. पण पोटाखाली बांधलेल्या पँटवर पोट आणखी पुढे येतं आणि पांढऱ्या शर्टाचा मोठा पट्टा उघडा पडतो. टक्सिडोत पँट पोटावरूनच घ्या, समोर दोन्ही बाजूंना एकेक प्लेट (चुणी) ठेवा आणि सस्पेंडर लावाच. सस्पेंडर असेल तर कमर आवळावी लागत नाही, उलट इंचभर सैल ठेवता येते. आमच्याकडचे जुने कारागीर माप घेताना अहिराणीत बजावतात, 'जेवन व्हयनं का टाईट व्हई.' जेवणानंतर घट्ट होईल, हे ते विसरू देत नाहीत. वरण-बट्टीच्या पंगतीनंतर पुन्हा दोन तास स्टेजवर उभं राहायचं असतं, हे लक्षात ठेवूनच कमर ठरवा.

आता बाजूची साटीनची पट्टी. रोजच्या पँटची बाजूची शिवण कापडाच्याच रंगात असते, ती वाकडी गेली तरी कुणी बघत नाही. टक्सिडोत त्याच शिवणीवर चमकती पट्टी बसते आणि गवंड्याच्या ओळंब्यासारखी फिटिंगची प्रत्येक चूक दाखवते. मांडी घट्ट असेल तर पट्टी मांडीपाशी पुढे ओढली जाते. सीट घट्ट असेल तर मागे सरकते आणि बाजूचे खिसे फाकतात. म्हणून मांडीला आणि सीटला रोजच्या स्लिम पँटपेक्षा थोडी मोकळीक लागते. पाय कमरेपासून बुटापर्यंत एका सरळ रेषेत खाली आला पाहिजे, पोटरीला चिकटता कामा नये.

मोहरी, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाचा घेर, गोल मापाने १५ ते १६ इंच ठेवा. रोजच्या सुटात १३-१४ ची मोहरी घालणाऱ्याला ही सैल वाटेल, पण त्याहून बारीक केली तर पँट बुटाच्या लेसवर अडकून वर घड्या पडतात. उंची अशी की पुढे बुटावर जेमतेम टेकेल, फार तर एक हलका मोड येईल. मागची बाजू पुढच्यापेक्षा अर्धा इंच खाली उतरती करून घ्या. खाली दुमड, म्हणजे टर्न-अप, रोजच्या पँटला चालते. टक्सिडोला कधीच नाही.

✔ तपासा: बूट घालून आरशासमोर बाजूने उभे राहा. कमरेपासून खालपर्यंत पट्टी सरळ आहे का? उभं असताना खिसे बंद आहेत का? हात खिशात घालून काढल्यावर ते पुन्हा मिटतात का?

⚠ नंतर कमर किंवा सीट कमी-जास्त करायची असेल तर ती मागच्या मधल्या शिवणीतूनच करायची. बाजूची शिवण उसवली की पट्टी पुन्हा बसवावी लागते आणि ती पहिल्यासारखी सरळ क्वचितच बसते. हे काम घेणाऱ्याला आधी सांगा. कोपऱ्यावरचे अल्टरेशनवाले सवयीने बाजूनेच कापड आत घेतात.

टप्पा ४: शर्ट

इथे शर्ट झाकला जात नाही, त्यामुळे ऑफिसचा पांढरा शर्ट ढकलून चालत नाही. कॉलरचं बटण लावल्यावर गळ्याशी दोन बोटं सहज जातील एवढी जागा हवी. त्याहून सैल असेल तर बो खाली लोंबतो. घट्ट असेल तर उन्हाळ्यात तासाभरात माणूस बटण उघडतो आणि बो वाकडा होतो.

पुढे प्लेटचा किंवा जाड कापडाचा भाग असेल तर तो पँटच्या कमरेच्या वरच संपायला हवा. तो खाली पँटमध्ये गेला तर बसताना कडक भाग छातीवर फुगून वर येतो. शर्टाची उंची मात्र रोजच्यापेक्षा जास्त ठेवा, पुढून-मागून खाली जाईल अशी, म्हणजे वाकल्यावर तो सुटून बाहेर येणार नाही.

बाही अंगठ्याच्या मुळाशी संपावी. कफ दुमडून कफलिंक लावायचा असतो, म्हणून बाही मोजताना कफ दुमडलेला आणि लिंक लावलेली हवी. उघड्या कफवर मोजलेली बाही नंतर लांब पडते.

बो विकत घेताना रुंदी बघा. दोन्ही टोकं चेहऱ्याच्या रुंदीच्या आतच राहिली पाहिजेत, डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांपर्यंत असली तर उत्तम.

टप्पा ५: कमर झाकणं

कमरबंद (कमरेभोवती बांधायचा घड्यांचा रुंद पट्टा) किंवा खोल गळ्याचा वेस्टकोट, दोनपैकी एक. दोन्ही एकत्र नाही. डबल-ब्रेस्टेड, म्हणजे एक बाजू दुसरीवर चढणारा, दोन रांगा बटणांचा कोट असेल तर दोन्हींची गरज नाही, कारण तो बंदच राहतो.

रोजच्या थ्री-पीसचा वेस्टकोट छातीवर बराच वर येतो. टक्सिडोचा खोल कापलेला असतो, म्हणजे शर्टाचा पुढचा भाग दिसतो. खाली त्याने पँटची कमरपट्टी पूर्ण झाकली पाहिजे, पण कोट बंद केल्यावर कोटाच्या पुढच्या कडेखाली तो डोकावता कामा नये. पँट खाली बसलेली असेल तर या दोन्ही अटी एकाच वेळी पाळणं अशक्य होतं. म्हणूनच पँट आधी.

कमरबंदाच्या घड्या वरच्या दिशेने उघडणाऱ्या ठेवा. तो कमरपट्टीवर अर्धा वर, अर्धा खाली असा बसवा. गर्दीच्या स्टेजवर तो वर सरकतो आणि खालून पांढरी रेघ दिसते. त्यासाठी कमरबंदाला आतून एक छोटा लूप आणि पँटला आत एक बटण लावून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे आणि कोणताही मास्तर करून देतो.

टप्पा ६: कोट

आता कोटाचं माप, आणि तेही पँट, शर्ट, वेस्टकोट अंगावर असताना.

*खांदा.* शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाला संपली पाहिजे. भिंतीला बाजूने टेकून उभे राहा. तुमच्या दंडाच्या आधी कोटाचा पॅड भिंतीला लागला तर खांदा मोठा आहे. बाहीत वरच्या बाजूला खड्डा पडत असेल किंवा दंड फुगून बाहेर दिसत असेल तर लहान आहे. खांदा नंतर दुरुस्त होत नाही असंच समजा. होतो, पण जवळजवळ कोट नव्याने शिवण्याइतकं काम पडतं. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा थोडा उतरता असतो. मास्तरांना तो बघायला सांगा, म्हणजे ते पॅडमध्ये फरक करतील.

*मुंढा.* म्हणजे कोटाला बाही जोडली जाते तो काखेभोवतीचा घेर. हा मुद्दा सगळ्यात उलटा समजला जातो. हात मोकळा राहावा म्हणून मुंढा खाली, मोठा घेतला जातो. होतं असं, की हात वर केला की बाहीबरोबर सगळा कोट वर उचलला जातो, कॉलर मानेपासून सुटते आणि लॅपल फुगतात. मुंढा काखेच्या जवळ, वर असला की हात हलतो आणि कोट जागेवर राहतो. पहिल्या क्षणी तो अंगाशी लागल्यासारखा वाटतो, पण काखेत रुतत नसेल तर तोच बरोबर. रोजच्या सुटात खालचा मुंढा चालून जातो, कारण कोट उघडा असतो. स्टेजवर बंद कोटात दोनशे लोकांशी हात मिळवताना तो चालत नाही.

*छाती आणि कमर.* अंगाच्या छातीच्या मापावर साधारण ४ इंच मोकळीक. बटण लावल्यावर बटणापासून इंग्रजी एक्ससारख्या सुरकुत्या निघाल्या तर कोट घट्ट आहे. हल्ली हीच स्लिम फिटिंग समजून लोक खूश होतात, पण ती ताणलेल्या कापडाची खूण आहे. उघड्या ठेवायच्या रोजच्या ब्लेझरमध्ये थोडा ताण लपतो. टक्सिडो बंद ठेवायचा आहे, तेव्हा कमरेला आकार द्या पण ताण अजिबात नको. बटण लावून आत पंजा सपाट सरकला पाहिजे. मूठ मावली तर सैल आहे.

*बटणाची जागा.* नाभीच्या जरा वर, एकच बटण. दोन बटणांचा कोट रोजच्या सुटाचा.

*लॅपल.* टोकदार वर गेलेले पीक लॅपल किंवा गोल शॉल लॅपल. रोजच्या कोटाचा खाच असलेला नॉच लॅपल घेऊ नका. रुंदी खांद्याच्या साधारण निम्म्यापर्यंत यावी. दोन इंचांचे बारीक लॅपल धिप्पाड माणसाला कोट आखूड झाल्यासारखा दाखवतात.

*उंची.* मानेच्या मागच्या हाडापासून जमिनीपर्यंतच्या अंतराच्या निम्मी, सीट पूर्ण झाकली जाईल एवढी. फॅशनचा आखूड कोट टक्सिडोत फारच वाईट दिसतो, कारण खाली उंच कमरेची पँट असते आणि तिचा वरचा भाग उघडा पडतो.

*बाही.* मनगटाच्या हाडाशी संपावी आणि शर्टाचा कफ सुमारे अर्धा इंच दिसावा. रोजच्या कोटाची बाही बारीक केलेली असते, तशी इथे करू नका. दुमडलेला कफ आणि कफलिंक आत मावेल एवढं तोंड हवं, नाही तर हात वर केल्यावर कफ आत अडकून बसतो.

*पाठ, खिसे.* मागे खालच्या कडेला काप (उघडी चीर) नको, किंवा दोन्ही बाजूंना असावेत. मधला एक काप रोजच्या सुटाचा. काप नसलेल्या कोटाला सीटवर पुरेसं कापड लागतं, नाही तर मागे आडव्या सुरकुत्या पडतात. खिशांना झाकण नको, फक्त पाइपिंग हवी.

✔ तपासा: मागून फोटो काढून घ्या. कॉलर शर्टाच्या कॉलरला पूर्ण चिकटलेली आहे का? शर्टाची अर्धा इंच पट्टी वर दिसते का? कॉलरखाली आडवी वळकटी आली असेल तर कच्च्या ट्रायललाच सांगा. पक्की कॉलर लागल्यावर ते काम अवघड होतं.

टप्पा ७: ट्रायल, हालचालींसकट

आरशासमोर ताठ उभं राहून 'मस्त आहे' म्हणणं म्हणजे ट्रायल नव्हे. आपल्या रिसेप्शनमध्ये नवरदेव काय करतो? पाया पडतो. आजी, काका, मामा, सासरकडची वडीलधारी, एकामागून एक. वाकणं हीच खरी परीक्षा आहे आणि ती दुकानातच द्या.

१. कोटाचं बटण लावून पाच-सहा वेळा पूर्ण वाका, बोटं बुटाला लागेपर्यंत. पँट मागे कमरेपासून सुटते का? शर्ट बाहेर येतो का? सीटची शिवण ओढल्यासारखी वाटते का? उभं राहिल्यावर पँट आपोआप जागेवर येते का? सस्पेंडर लावलेल्यांनी ते खांद्यावर ताणून बघावेत. वाकताना खांदे ओढले गेले तर पट्ट्या एक घर सैल करा.

२. दोन्ही हात समोर खांद्याइतके वर करा, जसे हार घालताना होतात. कॉलर मानेपासून बोटभर सुटली तर मुंढा किंवा पाठ चुकली आहे.

३. बटण उघडून खुर्चीवर बसा. पोटाला कमरपट्टी टोचते का, शर्टाचा पुढचा भाग फुगतो का, बसल्यावर पोटरी उघडी पडते का ते बघा. मोजे काळे आणि पोटरीपर्यंतचेच घ्या.

४. फोटो फ्लॅशने काढा. ट्यूबलाइटखाली न दिसणारी लॅपलवरची फुगवटी फ्लॅशमध्ये दिसते.

पहिली ट्रायल कच्च्या शिलाईवर, दुसरी बाह्या आणि कॉलर लागल्यावर. बाहीची बटणं आणि काज दुसऱ्या ट्रायलनंतरच करायला सांगा. एकदा काज झाले की बाही खालून कमी करणं कठीण जातं.

⚠ शेवटची ट्रायल लग्नाच्या आठवडाभर आधी, आणि संध्याकाळी घ्या. सकाळी उपाशीपोटी बसणारा कोट रात्री जेवणानंतर बसेलच असं नाही.

टप्पा ८: रेडिमेड किंवा भाड्याचा असेल तर

एका संध्याकाळसाठी भाड्याने घेण्यात काहीच चूक नाही. फक्त निवडण्याचा क्रम बदला: आधी खांदा, मग कोटाची उंची, मग पँटची राइज. या तीन गोष्टी दुरुस्त होत नाहीत. कमर, बाहीची उंची, पँटची उंची दुरुस्त होते. दुकानदार 'कमर बरोबर बसतेय' म्हणून खांद्याला मोठा कोट गळ्यात मारतो, तो घेऊ नका. खांद्याला बसणारा आणि कमरेला सैल असलेला कोट नेहमी चांगला.

पँट पट्ट्याच्या लूपवाली आणि लो-वेस्ट निघाली तर कोट भाड्याने घ्या आणि पँट तेवढी शिवून घ्या. त्यासाठी कापडाचा काळा रंग दिवसाउजेडी, दुकानाबाहेर नेऊन जुळवा. दोन काळे एकसारखे नसतात. एखादा तपकिरीकडे झुकतो, एखादा निळ्याकडे.

टप्पा ९: त्या संध्याकाळी

कपडे चढवण्याचा क्रम: मोजे, शर्ट आणि कफलिंक, पँट आणि सस्पेंडर, बूट, बो, मग कमरबंद किंवा वेस्टकोट, शेवटी कोट. पँट चढवल्यावर शर्ट खाली ओढून घ्या, नंतर तिथे हात पोचत नाही.

हळदीबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. आदल्या दिवशीची हळद आंघोळीनंतरही मानेवर आणि कानामागे राहते आणि घामाबरोबर पांढऱ्या कॉलरला लागते. शर्ट घालण्याआधी मान ओल्या फडक्याने पुसा, पांढरा रुमाल घासून बघा, आणि एक जास्तीचा शर्ट इस्त्री करून ठेवा.

मोबाईल, पाकीट भावाकडे द्या. लोकांची पाकिटं स्वीकारायला शेजारी कुणाला तरी उभं करा, ती कोटाच्या खिशात कोंबू नका. हारांवर पाणी शिंपडलेलं असतं, तेव्हा गळ्यात घालण्याआधी ते झटकायला सांगा, कारण साटीनवर पाण्याचे डाग राहतात. उभे असाल तेव्हा बटण लावलेलं, खुर्चीवर बसताना उघडलेलं.

दुसऱ्या दिवशी कोट रुंद हँगरवर सावलीत टांगा. कोळशाच्या इस्त्रीला देऊ नका. साटीनवर थेट इस्त्री फिरली की ठसा उमटतो आणि लॅपलची गोलाई चेपून सपाट होते. वाफ द्या, किंवा वर सुती कापड ठेवून हलक्या हाताने फिरवा. भाड्याचा असेल तर परत करण्याआधी आतले खिसे तपासा, कफलिंक बहुतेक वेळा तिथेच राहतात.